भावबंध : मुलांच्या स्वावलंबनाचा पाया

रडणाऱ्या तान्ह्या मुलाला लगेच उचलून घेऊ नये, त्याला कडेवर राहण्याची सवय लागते. आईचा पदर न सोडणारे मूल पुढे भित्रे निघते. वयात येणाऱ्या मुलाला घरापासून थोडे दूर ठेवले म्हणजे ते आपोआप खंबीर होते, अशी मते घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतात. या मतांच्या मुळाशी एक समजूत आहे. जवळीक आणि स्वावलंबन या परस्परविरोधी गोष्टी असून एक जितकी अधिक, तितकी दुसरी उणी, अशी ती समजूत होय. गेल्या सुमारे पाऊणशे वर्षांत बालमानसशास्त्रात झालेल्या संशोधनाने मात्र याच्या उलट निष्कर्ष पुढे ठेवला आहे. बालक आणि त्याचे संगोपन करणारी व्यक्ती यांच्यात निर्माण होणाऱ्या दृढ भावनिक नात्यास इंग्रजीत ‘अटॅचमेंट’ म्हणतात. मराठीत त्यास ‘भावबंध’ म्हणता येईल. हा भावबंध कसा घडतो, पौगंडावस्थेत त्याचे काय होते आणि तो मुळात घडलाच नाही तर काय होते, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

दूध की ऊब?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य तज्ज्ञांचे मतही वरील समजुतीहून फारसे निराळे नव्हते. अमेरिकेतील वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ साली पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात मुलांना कुरवाळू नये, मांडीवर बसू देऊ नये, सकाळी भेटल्यावर हस्तांदोलन करावे, असा सल्ला दिला होता. बालकाला आई हवीशी वाटते ती प्रामुख्याने ती दूध देते म्हणून, अशी त्या काळची सर्वसाधारण उपपत्ती होती.

या उपपत्तीला पहिला मोठा धक्का अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून बसला. हॅरी हार्लो यांनी आईपासून दूर केलेल्या रीसस जातीच्या माकडांच्या पिलांपुढे दोन कृत्रिम ‘माता’ ठेवल्या. एक उघड्या तारेची होती, तर दुसरी मऊ कापडात गुंडाळलेली. काही पिलांसाठी दुधाची बाटली तारेच्या मातेवर बसविलेली होती. दूध हेच ओढीचे कारण असते, तर ही पिले तारेच्या मातेला बिलगली असती. प्रत्यक्षात ती भुकेपुरती तिच्याकडे जात आणि दिवसाचा बहुतेक काळ कापडाच्या मातेला बिलगून काढीत. या प्रयोगांचा वृत्तान्त १९५८ साली प्रसिद्ध झाला.

त्यातील आणखी एक निरीक्षण अधिक महत्त्वाचे आहे. पिंजऱ्यात ढोल वाजविणारे यांत्रिक खेळणे सोडले की घाबरलेले पिलू कापडाच्या मातेकडे धाव घेई. तिला बिलगून भीती ओसरली, की तेच पिलू वळून त्या खेळण्याकडे निरखून पाहू लागे, क्वचित पुढेही सरके. जवळीक मिळाल्यावर त्याचे धैर्य वाढत होते. हे प्रयोग आज निर्दय मानले जातात आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न टाळता येण्याजोगा राहिला नाही.

बोल्बी यांचा सिद्धान्त

या विषयाची सैद्धान्तिक मांडणी केली ती ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७-१९९०) यांनी. लंडनमधील एका प्रतिष्ठित शल्यचिकित्सकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्या वर्गातील प्रथेनुसार त्यांचे संगोपन दायांच्या हाती होते आणि आईची भेट दिवसाकाठी तासाभराची. ते सुमारे चार वर्षांचे असताना त्यांची लाडकी दाई नोकरी सोडून गेली. पुढे लहान वयातच त्यांची रवानगी निवासी शाळेत झाली.

१९४४ साली बोल्बी यांनी चोरीच्या सवयीमुळे उपचारकेंद्रात आलेल्या ४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १४ मुले कोणाविषयीच माया नसलेली, भावनाशून्य अशी त्यांना आढळली आणि या १४ पैकी १२ मुलांचा आयुष्याच्या आरंभीच्या वर्षांत आईशी दीर्घकाळ वियोग झालेला होता. हा अभ्यास लहान होता आणि त्याच्या पद्धतीवर पुढे रास्त टीकाही झाली. तथापि जागतिक आरोग्य संघटनेने महायुद्धानंतर बेघर झालेल्या मुलांच्या मानसिक आरोग्याविषयी अहवाल लिहिण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले. १९५१ च्या त्या अहवालात त्यांनी प्रतिपादन केले, की शरीराच्या वाढीसाठी जीवनसत्त्वे जितकी आवश्यक, तितकेच मनाच्या आरोग्यासाठी बालपणातील मायेचे अखंड नाते आवश्यक आहे.

‘अटॅचमेंट अँड लॉस’ या तीन खंडांच्या ग्रंथात (१९६९, १९७३, १९८०) त्यांनी हा सिद्धान्त पूर्णत्वास नेला. बालकाचे रडणे, हसणे, हात पुढे करणे, मागे मागे रांगणे या सर्व क्रिया मोठ्या माणसाला जवळ ठेवणाऱ्या आहेत. असहाय अवस्थेत जन्मणाऱ्या मानवी अपत्याचे रक्षण व्हावे, यासाठी उत्क्रांतीने दिलेली ती सामग्री आहे. ‘मी हाक मारली तर कोणी येईल का?’ या प्रश्नाचे उत्तर बालकाला रोज मिळत असते आणि त्यातूनच त्याच्या मनात स्वतःविषयी व इतरांविषयी एक आंतरिक प्रतिमा तयार होते. हाकेला उत्तर मिळते, असा अनुभव आलेले मूल स्वतःला मायेस पात्र आणि जगाला विश्वासार्ह समजू लागते.

रुग्णालयाचे दार

हा विचार प्रबंधांतून बाहेर पडून लोकांच्या जीवनात उतरला, त्याचे श्रेय बोल्बी यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांना जाते. युद्धकाळात ते ॲना फ्रॉइड यांच्या बालगृहात बॉयलर सांभाळण्याच्या कामावर होते. तेथील प्रत्येक कर्मचाऱ्याने मुलांविषयीची निरीक्षणे टिपून ठेवावीत, असा दंडक असल्याने बारकाईने पाहण्याची शिस्त त्यांना तेथेच लागली.

त्या काळी ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत लहान रुग्णांना भेटण्याची मुभा पालकांना अत्यंत तोकडी असे. पालक येऊन गेले की मुले रडतात, म्हणून भेटीच नकोत. शिवाय काही दिवसांनी मूल ‘रुळते’, असा युक्तिवाद केला जाई. रॉबर्टसन यांना हे रुळणे संशयास्पद वाटले. त्यांच्या निरीक्षणानुसार एकटे पडलेले मूल प्रथम आकांत करते, मग निराश होऊन गप्प बसते आणि अखेरीस अलिप्त होते. या तिसऱ्या अवस्थेतील मूल परिचारिकांशी हसते, जेवते आणि आई आली तरी तिच्याकडे पाठ फिरविते. कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने हे मूल ‘शहाणे’ झालेले असे. वस्तुतः त्याने आशा सोडलेली असे.

शब्दांनी कोणाला पटत नाही, हे पाहून रॉबर्टसन यांनी साध्या कॅमेऱ्याने एका चित्रपटाचे चित्रण केले. छोट्याशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या सुमारे अडीच वर्षांच्या मुलीचा हा चित्रपट १९५२ साली लंडनमध्ये वैद्यकीय व्यावसायिकांना दाखविण्यात आला, तेव्हा प्रेक्षकांपैकी अनेकजण संतापले. पुढे मात्र वातावरण पालटत गेले. १९५९ साली शासनाने नेमलेल्या समितीने प्लॅट अहवालात पालकांना मुलांच्या भेटीची मुक्त मुभा असावी, अशी शिफारस केली. आज रुग्णालयातील आजारी बालकाच्या खाटेशेजारी आई किंवा वडील बसलेले दिसतात, हे दृश्य अनेक देशांत अशा प्रयत्नांतून साध्य झाले आहे.

वीस मिनिटांची परीक्षा

भावबंधाचे शास्त्रीय मोजमाप करण्याचे कार्य मेरी एन्स्वर्थ (१९१३-१९९९) यांनी केले. कॅनडात शिक्षण झालेल्या एन्स्वर्थ १९५० च्या सुमारास लंडनमध्ये बोल्बी यांच्या संशोधनगटात दाखल झाल्या आणि १९५४ मध्ये युगांडात गेल्या. तेथे कंपालाच्या परिसरातील खेड्यांतील २६ कुटुंबांत जाऊन त्यांनी माता-बालकांचे निरीक्षण केले. पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथेही तितक्याच कुटुंबांना बालकाच्या पहिल्या वर्षभर नियमित भेटी देण्यात आल्या.

वर्षाअखेरीस बालकाला एका अनोळखी खोलीत आणले जाई. वीसएक मिनिटांच्या अवधीत एक परकी स्त्री खोलीत येई, आई दोनदा थोड्या वेळासाठी बाहेर जाई व परत येई. आई गेल्यावर मूल किती रडते, याहून ती परतल्यावर ते कसे वागते, हे अधिक बोलके ठरले. सुमारे दोन तृतीयांश मुले आईकडे झेपावत, शांत होत आणि पुन्हा खेळू लागत. हा ‘सुरक्षित’ भावबंध होय. काही मुले आईच्या येण्याची दखलही न घेता खेळत राहत. काही मुले आईला बिलगत आणि त्याच वेळी तिच्यावर रागावून हातपाय झाडीत, त्यांची समजूत पटत नसे. मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी पुढे चौथा, विस्कळीत प्रकार वर्णिला. त्यात ज्या व्यक्तीकडून धीर मिळावा तिचीच भीती वाटत असल्याने मूल गोंधळून जाते.

बाल्टिमोरमधील घरगुती निरीक्षणांनी समजुतींना छेद देणारी एक गोष्ट दाखविली. ज्या मातांनी पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या रडण्यास तत्परतेने प्रतिसाद दिला होता, त्यांची मुले वर्षाअखेरीस अधिक रडकी झाली नव्हती. उलट ती कमी रडत होती.

येथे पालकांनी धास्तावून जाण्याचे मात्र कारण नाही. सुस्थितीतील आई आणि बाळ यांचे सूरदेखील बराच वेळ जुळलेले नसतात, असे एडवर्ड ट्रॉनिक यांच्या संशोधनातून दिसून आले. चुकलेला सूर पुन्हा जुळविला जाणे, हा बालकाच्या दृष्टीने मोलाचा अनुभव असतो. बँकेच्या परिभाषेत सांगावयाचे तर भावबंध ही एकरकमी मुदत ठेव नसून नित्याच्या लहानसहान प्रतिसादांतून साठत जाणारी आवर्ती ठेव आहे. एखादा हप्ता चुकल्याने खाते बंद पडत नाही.

परावलंबी कोण?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जवळीक लाभलेले मूल परावलंबी होते काय? अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात बायरन एगलंड आणि ॲलन स्रूफ यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास दारिद्र्याशी झगडणाऱ्या, पहिलटकरीण अशा सुमारे पावणेतीनशे मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास हाती घेतला आणि तो ती मुले प्रौढ होईपर्यंत चालविला. त्यांतील काही मुले बालवाडीत गेली, तेव्हा शिक्षिकांना त्यांच्या पूर्वीच्या चाचणीविषयी काही सांगितलेले नव्हते. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तान्हेपणी सुरक्षित भावबंध असलेली मुले शिक्षिकांवर कमी अवलंबून होती. सतत शिक्षिकेच्या मांडीजवळ घुटमळणारी, क्षणोक्षणी मदत मागणारी मुले प्रामुख्याने असुरक्षित गटातील होती. तान्हेपणी आईकडे दुर्लक्ष करणारी, वरकरणी ‘स्वतंत्र’ भासलेली मुलेही त्यांत होती.

याची कारणमीमांसा बोल्बी व एन्स्वर्थ यांनी ‘सुरक्षित तळ’ या कल्पनेने केली आहे. परतण्याची जागा निश्चित असेल, तर गिर्यारोहक उंच चढाई करू शकतो. मागे वळून पाहण्याची चिंता नसलेल्या मुलाचे लक्ष समोरच्या जगाकडे लागते.

आई एकटीच का?

या संशोधनाचा सारा भार केवळ आईवर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे रुडॉल्फ शाफर आणि पेगी इमर्सन यांनी ६० बालकांचा अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध केला. दीड वर्षाच्या वयापर्यंत केवळ एकाच व्यक्तीशी भावबंध असलेली बालके अवघी १३ टक्के होती. उरलेल्यांच्या भावविश्वात वडील, आजी-आजोबा, भावंडे आणि शेजारीही होते. आजीच्या कुशीत वाढलेल्या पिढ्यांना हे नव्याने सांगावयास नकोच.

नोकरी करणाऱ्या मातांच्या मनातील अपराधीपणाच्या भावनेलाही संशोधनाने उत्तर दिले आहे. अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून अधिक बालकांचा मोठा अभ्यास करण्यात आला. १९९७ साली त्यातून असे दिसले, की मूल पाळणाघरात जाते, एवढ्याच कारणाने त्याचा आईशी असलेला बंध असुरक्षित होत नाही. आईचा प्रतिसाद कमी आणि पाळणाघराची काळजीही निकृष्ट, असा दुहेरी योग आला तर धोका वाढतो. म्हणून पाळणाघर निवडताना इमारत आणि खेळणी यांपेक्षा मुले सांभाळणाऱ्या व्यक्ती सारख्या बदलतात काय, हा प्रश्न आधी विचारावा. भारतात २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची सवेतन रजा आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सोय विहित करण्यात आली. या विषयाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा टप्पा होता.

समाजासमाजांतील भिन्नतेचाही विचार झाला आहे. व्हॅन आयझेनडोर्न आणि क्रूननबर्ग यांनी १९८८ साली आठ देशांतील सुमारे दोन हजार चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले. सर्व देशांत सुरक्षित भावबंधाचेच प्रमाण सर्वाधिक होते आणि देशादेशांतील फरकांपेक्षा एकाच देशातील गटांमधले फरक अधिक होते. इस्राएलमधील सामुदायिक वसाहतींत, म्हणजे किबुत्झमध्ये, पूर्वी मुले रात्रीही आईवडिलांपासून दूर बालगृहात झोपत. १९९४ च्या एका अभ्यासात घरी झोपणाऱ्या मुलांपैकी ८० टक्के, तर बालगृहात झोपणाऱ्यांपैकी ४८ टक्के मुले सुरक्षित आढळली. दिवसभराची व्यवस्था दोन्हीकडे सारखीच होती. रात्री जाग आल्यावर ओळखीचे माणूस जवळ असणे, एवढाच काय तो फरक होता.

पौगंडावस्था : नात्याचा नवा अवतार

तेराव्या-चौदाव्या वर्षी मूल खोलीचे दार लावून घेऊ लागते, मित्रांच्या शब्दाला अधिक किंमत देते आणि आईवडिलांशी वाद घालते. बंध तुटला, अशी पालकांची भावना होते. संशोधन निराळे चित्र दाखविते. या वयात बंधाची कामे एकेक करून नव्या माणसांकडे सोपविली जातात. सहवासाची ओढ सर्वप्रथम मित्रांकडे वळते. दुःखात धीर मागण्यासाठी मित्र त्यानंतर जवळचे होतात. परंतु सुरक्षित तळ म्हणून आईवडिलांचे स्थान सर्वांत उशिरा, बहुधा तारुण्यातील जोडीदाराच्या आगमनानंतरच बदलते. दार लावून घेणाऱ्या मुलालाही त्या दाराबाहेर कोणीतरी आहे, ही खात्री हवी असते.

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाचे जोसेफ ॲलन यांनी किशोरवयीन मुलांचा तेराव्या वर्षापासून प्रदीर्घ पाठपुरावा केला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, जी मुले आईशी मतभेद झाल्यावर कारणे देऊन आपली बाजू मांडत, ती पुढे मद्य व अमली पदार्थांबाबत मित्रांच्या दडपणाला कमी बळी पडली. घरात ‘नाही’ म्हणण्याचा सराव झालेले मूल बाहेरही ‘नाही’ म्हणू शकते. त्यामुळे वयात आलेल्या मुलाने वाद घालूच नये, ही अपेक्षा त्याच्या हिताची नाही. वाद झाला तरी नाते अबाधित आहे, हे त्याला कळणे आवश्यक आहे.

उशीर झाला तर?

भावबंध घडण्याची संधीच मिळाली नाही तर काय होते, याचे दारुण उदाहरण रुमानियात दिसले. चाउशेस्कू यांच्या राजवटीने १९६६ साली गर्भपातावर कठोर निर्बंध घातले. पोसणे अशक्य झालेली असंख्य मुले सरकारी संस्थांत जमा झाली. १९८९ साली ती राजवट कोसळली, तेव्हा या संस्थांत लाखाहून अधिक मुले होती. तेथे अन्न-वस्त्र कसेबसे मिळे. रडण्याला उत्तर देणारे ठराविक माणूस मात्र नसे.

चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी २००० नंतर राजधानी बुखारेस्टमध्ये संस्थांतील १३६ बालकांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकून निम्म्या बालकांना प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. साडेतीन वर्षांच्या वयात संस्थेच्या व्यवस्थेत राहिलेल्या गटापैकी जेमतेम १८ टक्के मुलांचा भावबंध सुरक्षित होता. कुटुंबात गेलेल्यांत हे प्रमाण ४९ टक्के झाले. आपल्या घरी वाढणाऱ्या स्थानिक मुलांत ते ६५ टक्के होते. दोन वर्षांच्या वयापूर्वी कुटुंब लाभलेल्यांची प्रगती अधिक चांगली होती. अशा अभ्यासांच्या पार्श्वभूमीवर रुमानियाने २००४ साली दोन वर्षांखालील बालकांना संस्थेत ठेवण्यावर निर्बंध आणले. भारतातील बाल न्याय अधिनियम, २०१५ यानेही संस्थेतील वास्तव्य हा अखेरचा उपाय मानला असून दत्तकविधान व प्रतिपालन कुटुंब यांना कायद्याचे अधिष्ठान दिले आहे.

कुटुंब लवकर मिळणे हितकारक, हा या आकड्यांचा एक अर्थ आहे. मात्र बालपणीचा भावबंध ही ललाटरेषा नव्हे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वीस वर्षांनंतर ५० जणांची पुन्हा पाहणी केली असता ७२ टक्के जणांचे वर्गीकरण कायम होते. इतर काही अभ्यासांत हे सातत्य याहून पुष्कळ कमी आढळले. पालकाचा मृत्यू, घटस्फोट, गंभीर आजार अशा आघातांनी सुरक्षित बंध डळमळतो, तर समजूतदार शिक्षक, प्रेमळ आजी अथवा विश्वासू जोडीदार यांच्या सहवासाने असुरक्षित मनालाही आधार सापडतो.

बदलीच्या नोकरीतील घरांसाठी

बँकेसारख्या सेवेत बदली अटळ असते. गाव, भाषा, शाळा आणि मित्र हे सारे मुलांसाठी एकाच वेळी बदलते. कधी आई एका गावी तर वडील दुसऱ्या, अशी विभागणी होते. या संशोधनाच्या आधारे अशा कुटुंबांना काही गोष्टी ध्यानी ठेवता येतील. लहान मुलाला निरोप न घेता, त्याची नजर चुकवून निघून जाऊ नये; केव्हा परत येणार ते त्याला कळेल अशा शब्दांत सांगावे आणि ती वेळ पाळावी. नव्या घरात मुलाची जुनी चादर, जुने खेळणे, झोपण्यापूर्वीची जुनी गोष्ट कायम ठेवावी. आठवड्याने घरी येणाऱ्या वडिलांपासून मूल आरंभी दूर दूर राहिले, तर रुसून न बसता त्याला थोडा वेळ द्यावा. ती बेपर्वाई नसून वियोगाची खूण असू शकते. किशोरवयीन मुलांशी बदलीविषयी आधी बोलावे, त्यांचा राग ऐकून घ्यावा आणि जुन्या मित्रांशी त्यांचा संपर्क टिकू द्यावा. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला गुणांची चौकशी करणाऱ्या दूरध्वनीइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, नुसत्या गप्पांच्या दूरध्वनीची गरज असते.

यांपैकी कशालाही पैसा लागत नाही. रात्री दहा वाजता दमून घरी आलेल्या आईने अथवा वडिलांनी झोपेला आलेल्या मुलाच्या शेजारी पंधरा मिनिटे बसून दिवसभरातील हकिकत ऐकून घेतली, तर ‘मी हाक मारली तर कोणी येईल का?’ या त्याच्या प्रश्नाचे त्या दिवसापुरते उत्तर त्याला मिळालेले असते.